भट्टीच्या तोंडाशी ठरणारे भवितव्य

कारखान्याच्या दप्तरात कच्च्या मालाची नोंद असते, इंधनाची असते, मजुरीची, दुरुस्तीची आणि वाहतुकीची असते, आणि सरतेशेवटी तयार झालेल्या मालाचीही असते. परंतु आत आलेल्या मालाचे वजन आणि विकल्या गेलेल्या मालाचे वजन यांत जी तफावत राहते, तिच्या नावाने त्या दप्तरात बराच काळपर्यंत खातेच उघडलेले नव्हते. निसर्गाला मात्र अशी तफावत मंजूर नसते. पदार्थ रूप पालटतो, नाहीसा होत नाही. म्हणून खनिजातून आपण लोखंड काढून घेतले की मागे धातुमळी उरते, कोळशातून उष्णता काढून घेतली की मागे राख उरते, उसातून रस काढून घेतला की मागे चिपाड उरते, आणि या उरलेल्या द्रव्याची विल्हेवाट मालकाने लावली नाही, तर नदी, गायरान, विहीर आणि शेजारच्या वस्तीतील माणसांची फुप्फुसे ती आपापल्या परीने लावतात.

‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द शाळेतील हस्तकलेच्या तासापासून आपल्या कानांवर पडत आल्यामुळे, आधी वस्तू टाकली जाते आणि मग कोणी कल्पक माणूस तिच्यातून काही उपयुक्त घडवितो, असा क्रम आपल्या मनात पक्का बसला आहे. घरगुती वस्तूंच्या बाबतीत तो खराही असेल. परंतु जेथे दररोज हजारो टनांच्या हिशेबाने उत्सर्ग बाहेर पडतो, तेथे गेल्या दीडशे वर्षांचा अनुभव वेगळा आहे. उरलेल्या द्रव्याची उपयुक्तता ते टाकून झाल्यावर शोधत बसण्यात फारसा अर्थ नसतो. ते भट्टीतून बाहेर पडत असताना, पहिल्या काही क्षणांत किंवा फार तर पहिल्या काही तासांत, त्याला कसे वागविले जाते यावरच त्याचे सिमेंट होणार की डोंगर होणार, हे बहुतांशी ठरून जाते.

या अनुभवाचा पहिला मोठा धडा एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडने घेतला. साबण, काच आणि कापड या तिन्ही धंद्यांना सोडा लागत असे, आणि तो निकोला लब्लां या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या कृतीने मिठापासून तयार केला जाई. मिठावर गंधकाम्लाची क्रिया झाली की हायड्रोक्लोरिक आम्लाचा दाहक वायू सुटे, आणि कारखानदार तो उंच धुराड्यातून सरळ आकाशात सोडून देत. आसपासची झाडे करपत, पिके जळत, आणि शेतकऱ्यांच्या फिर्यादी कचेऱ्यांत साचत जात. विल्यम गॉसेज याने 1836 साली एका मनोऱ्यात वरून पाणी झिरपत ठेवून खालून हा वायू चढविण्याची युक्ती काढली व वायू पाण्यात विरघळविता येतो हे सिद्ध केले. तरीही तसे करण्यात स्वतःचा लाभ न दिसल्यामुळे बहुतेकांनी तिकडे दुर्लक्षच केले. अखेर 1863 साली ब्रिटिश पार्लमेंटने अल्कली कायदा संमत करून या वायूपैकी 95 टक्के भाग अडविणे बंधनकारक केले, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाची निरीक्षक म्हणून नेमणूक केली.

पुढे जे घडले ते कायदा करणाऱ्यांच्याही अपेक्षेपलीकडचे होते. आम्ल हाती साठू लागल्यावर त्याचे करावयाचे काय, हा प्रश्न कारखानदारांना प्रथमच स्वतःचा वाटू लागला. वॉल्टर वेल्डन आणि हेन्री डीकन यांनी त्या आम्लापासून क्लोरीन काढण्याच्या किफायतशीर पद्धती बसविल्या, क्लोरीनपासून कापड व कागद शुभ्र करणारी ब्लीचिंग पावडर होऊ लागली, आणि काही वर्षांनी सोल्व्हे पद्धतीचा स्वस्त सोडा बाजारात येऊन लब्लां पद्धतीच्या कारखान्यांचा मूळ धंदा बसू लागला, तेव्हा त्यांना तग धरता आला तो एके काळी धुराड्यातून उधळून दिलेल्या याच द्रव्याच्या जोरावर. धुराड्यावाटे आकाशात विखुरलेला वायू कोणालाही परत गोळा करता आला नसता. तो मनोऱ्यात, म्हणजे त्याच्या उगमाशीच, अडविला गेला म्हणून तो माल झाला.

याच सुमारास जर्मनीत लोखंडाच्या भट्टीशेजारी दुसरा शोध लागत होता. झोतभट्टीत लोहखनिज, कोक आणि चुनखडी यांचे थर रचून खालून तापलेल्या हवेचा झोत सोडला की लोखंड वितळून तळाशी जमते, आणि खनिजातील वाळू-माती, कोकमधील राख व चुनखडीतील चुना यांचा वितळलेला रस त्याच्यापेक्षा हलका असल्यामुळे त्यावर तरंगतो. हीच धातुमळी, आजच्या कारखान्यांतील भाषेत स्लॅग. आपल्या देशातील खनिजात ॲल्युमिना अधिक आणि कोळशात राख अधिक असल्यामुळे एक टन लोखंडामागे साधारण 300 ते 400 किलो धातुमळी निघते, आणि ती भट्टीच्या तोंडातून बाहेर येते तेव्हा तिचे तापमान सुमारे 1,500 अंश सेल्सियस असते. जुन्या काळी ती लोखंडी गाड्यांत भरून माळावर ओतली जाई व सावकाश निवून काळ्या-करड्या दगडांचे ढीग होत.

1862 साली ट्रॉइसडॉर्फ येथील लोखंडाच्या कारखान्यात काम करणाऱ्या एमिल लांगेन याच्या असे ध्यानात आले की, हाच रस माळावर ओतण्याऐवजी तत्काळ पाण्याच्या प्रवाहात सोडला, तर त्याची वाळूसारखी बारीक कणी होते, आणि ही कणी दळून चुन्यात मिसळली तर ती पाण्याखालीसुद्धा घट्ट बसते. रस तोच, त्यातील चुना, सिलिका आणि ॲल्युमिना यांचे प्रमाणही तेच. फरक फक्त निवण्याच्या वेगात. साखरेचा पाक सावकाश निवू दिला तर त्यात खडीसाखरेचे खडे धरतात आणि तोच एकदम गार केला तर काचेसारखी पारदर्शक गोळी होते. धातुमळीचेही नेमके तसेच आहे. सावकाश निवताना तिच्यातील अणूंना आपापल्या जागी शिस्तीने बसावयास अवसर मिळतो व स्फटिक तयार होतात. हे स्फटिक स्वस्थ असतात, कोणाशी सहसा संयोग पावत नाहीत, म्हणून असा दगड रस्त्याच्या खडीपलीकडे फारसा उपयोगाचा नसतो. पाण्याच्या माऱ्याने क्षणार्धात गोठलेल्या रसातील अणू मात्र जेथल्या तेथे अडकून पडतात, काच तयार होते, आणि या काचेत शिल्लक राहिलेली अस्वस्थता चुन्याचा व पाण्याचा सहवास मिळताच रासायनिक क्रियेच्या रूपाने प्रकट होऊन तिचे बंधक द्रव्य बनते.

या शोधातून धातुमळी-सिमेंटाचा, म्हणजे पोर्टलंड स्लॅग सिमेंटाचा, स्वतंत्र उद्योगच उभा राहिला. आपल्याकडे त्याचे भारतीय मानक 1953 साली सिद्ध झाले आणि आजच्या नियमाप्रमाणे त्यात 25 ते 70 टक्क्यांपर्यंत धातुमळी घालता येते. भिलाईच्या पोलाद कारखान्याशेजारी जामुल येथे सिमेंटचा कारखाना निघाला तो याच हिशेबाने. रायगड जिल्ह्यात डोलवी येथे पोलाद कारखान्याच्या सान्निध्यात धातुमळी दळण्याची गिरणी आहे तीही याच कारणाने. या सिमेंटाची घट्ट होण्याची गती मंद असली, तरी त्याची वीण कालांतराने इतकी दाट होते की खारे पाणी व त्यातील क्लोराइड आत शिरून सळईला गंज चढविण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. कोकणपट्टीवर पूल, धक्के आणि खाडीकाठच्या इमारती बांधणाऱ्या अभियंत्यांना या गुणाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

पोलाद कारखान्यातूनच बाहेर पडणारी दुसरी एक मळी आहे, आणि तिची गोष्ट या नियमाची दुसरी बाजू दाखविते. लोखंडाचे पोलाद करताना जी मळी निघते तिच्यात न जुळलेला मोकळा चुना शिल्लक राहतो. असा दगड ताजा असताना रस्त्यात घातला, तर पावसाचे पाणी लागून तो चुना फुगतो व रस्ता खालून उचलला जाऊन फुटतो. म्हणून तिला महिनोन्महिने उघड्यावर भिजवीत ठेवून किंवा वाफ देऊन आधीच फुगू द्यावे लागते, तिच्यातील लोखंडाचे तुकडे चुंबकाने वेचून काढावे लागतात, आणि मग योग्य मापाची खडी करावी लागते. केंद्रीय मार्ग संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली असे संस्करण करून 2022 साली सुरतेजवळ हजिरा येथे पोलाद-मळीचा रस्ता बांधण्यात आला, आणि जानेवारी 2024 मध्ये मुंबई-गोवा महामार्गावर रायगड जिल्ह्यात सुमारे एक किलोमीटरचा असाच पट्टा खुला झाला. त्यात सुमारे 80 हजार टन मळी वापरली गेली. डोंगर फोडून काढावयाची तितकी काळी खडी त्यामुळे वाचली. एका मळीला घाईने निववावे लागते, दुसरीला धीराने मुरवावे लागते. दोन्हींकडे दुर्लक्ष केले तर दोन्ही केवळ ढिगारे.

आता राखेकडे वळावयाचे. महाराष्ट्रातील वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, भुसावळ, पारस, परळी, एकलहरे या नावांशी आपल्या घरातील दिवा जोडलेला आहे, आणि दिव्याबरोबर राखही. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण 30 ते 45 टक्के असते, म्हणजे शंभर टन कोळसा जाळला की तीस ते पंचेचाळीस टन राख पदरात पडते. पिठासारखा दळलेला कोळसा बाष्पकातील ज्वाळांत शिरतो तेव्हा त्याच्यातील मातीचे कण क्षणभर वितळतात, पृष्ठताणामुळे गोल थेंब होतात, आणि धुराबरोबर वर जाताना झपाट्याने निवून काचेच्या अतिसूक्ष्म गोळ्या बनतात. त्यांपैकी काही तर आतून पोकळ असतात. एकंदर राखेपैकी साधारण चार पंचमांश भाग अशा उडत्या राखेचा, म्हणजे फ्लाय ॲशचा, आणि उरलेला जाडाभरडा भाग बाष्पकाच्या तळाशी पडणाऱ्या राखेचा असतो. धातुमळीला काच करण्यासाठी पाण्याचा मारा करावा लागतो; उडत्या राखेच्या बाबतीत ते काम धुराच्या प्रवासातच आपोआप होऊन जाते.

धुरातून ती वेचण्याची तजवीज कॅलिफोर्निया विद्यापीठातील फ्रेडरिक कॉट्रेल याने 1907 च्या सुमारास ज्या यंत्राने करून दिली, त्यास वीज केंद्रातील मंडळी ईएसपी म्हणतात. उच्च दाबाच्या विजेने धुरातील कण भारित करावयाचे, विरुद्ध भाराच्या पत्र्यांकडे ते ओढले जाऊ द्यावयाचे, आणि पत्र्यांवर ठोके देऊन खालच्या हॉपरमध्ये ते पाडावयाचे, असे त्याचे तत्त्व आहे. या पत्र्यांच्या रांगा एकामागे एक असतात. पहिल्या रांगेत जाड कण पडतात व शेवटच्या रांगांत सर्वांत बारीक. म्हणजे राख वेचता वेचताच तिची प्रतवारीही होऊन गेलेली असते, आणि सिमेंट व काँक्रीट यांना हवी असते ती हीच कोरडी, बारीक, निवडलेली राख.

सिमेंटला राखेची गरज का पडावी, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. नेपल्सजवळील पोझुओली येथील ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली असता पाण्यातही पक्के होणारे बांधकाम करता येते, हे रोमन लोकांना ठाऊक होते. आणि भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, चुन्यात कालवून घाणीत मळणाऱ्या आपल्याकडील जुन्या गवंड्यांनाही तेच ज्ञान परंपरेने अवगत होते. आधुनिक सिमेंट पाण्याशी संयोग पावते तेव्हा बंधक द्रव्याबरोबर काही मोकळा चुनाही तयार होतो. हा चुना दुर्बळ असतो, पाण्यात विरघळतो, आणि काँक्रीटमध्ये सूक्ष्म पोकळ्यांचे कारण होतो. राखेतील काचमय सिलिका या निरुपयोगी चुन्याशी संयोग पावून आणखी बंधक द्रव्य निर्माण करते, म्हणजे सिमेंटच्या उत्सर्गाला कोळशाच्या उत्सर्गाचा हात लागून दोन्ही मार्गी लागतात. शिवाय ही क्रिया सावकाश चालत असल्यामुळे उष्णताही सावकाश सुटते, आणि धरणासारख्या अवाढव्य बांधकामात आतली उष्णता हीच भेगांची जननी असल्यामुळे राखेचा हा मंदपणा तेथे गुण ठरतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील रेमंड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1937 साली राखमिश्रित काँक्रीटवरील आपले संशोधन प्रसिद्ध केले, आणि 1948 ते 1953 या काळात अमेरिकेतील माँटाना राज्यात बांधलेल्या हंग्री हॉर्स धरणात सुमारे 1 लाख 20 हजार टन राख घालून त्याचा पहिला भव्य पडताळा घेण्यात आला. भारतात रिहांद धरणाच्या काँक्रीटमध्ये सिमेंटचा सुमारे 15 टक्के भाग काढून त्याऐवजी राख घालण्यात आली. महाराष्ट्राने याच्या कितीतरी पुढचे पाऊल टाकले ते घाटघर येथे. अकोले आणि शहापूर तालुक्यांच्या हद्दीवर, सह्याद्रीच्या कड्याच्या वर आणि खाली, उदंचन जलविद्युत योजनेसाठी जी धरणे बांधली गेली, ती कोरडसर काँक्रीट थराथराने पसरून रोलरने दाबण्याच्या पद्धतीने भारतात प्रथमच उभारलेली धरणे होत. आणि त्यांच्या बंधक द्रव्यात सिमेंटपेक्षा राखेचे प्रमाण अधिक होते. सिमेंटात थोडी राख मिसळण्याची ही गोष्ट नव्हती. राखेच्या धरणाला सिमेंटचा टेकू दिला होता म्हटले तरी चालेल.

इतके असूनही आपल्याकडील बहुसंख्य राखेच्या नशिबी दीर्घकाळ तलावच आला. कारण सरळ होते. कोरडी राख साठवावयास उंच सायलो लागतात, ती वाहून न्यावयास बंद टाक्यांचे बल्कर लागतात, आणि घेणारा गिऱ्हाईक ठरलेला असावा लागतो. याउलट तीच राख पाण्यात कालवून तिचा गारा नळाने दोन-चार कोसांवरील तलावात सोडणे सोपे, आणि त्या दिवसापुरते स्वस्त. या एका कृतीने काय काय होते, ते पाहण्यासारखे आहे. ईएसपीने रांगांनुसार निवडलेले कण पुन्हा एकत्र होतात, तळाची जाडी राख त्यांत मिसळते, पाण्यात विरघळण्याजोगा अंश निघून जातो, आणि वर्षानुवर्षे थरावर थर बसून गुठळ्या धरतात. ज्या द्रव्याला सिमेंटचा कारखाना हॉपरच्या तोंडाशी आदराने स्वीकारील, तेच तलावातून उपसून आणले तर वाळवा, चाळा, दळा अशी त्याची वेठ सुरू होते. उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर तीच राख भोवतालच्या गावांतील पिकांवर, वाळवणांवर आणि पाण्यावर बसते, आणि पावसाळ्यात बांध फुटण्याची धास्ती राहते. 22 डिसेंबर 2008 रोजी अमेरिकेत टेनेसी राज्यातील किंग्स्टन वीज केंद्राचा राखबंधारा फुटून चाळीस लाख घनमीटरांहून अधिक राखेचा गारा नदीत आणि वस्तीत शिरला. आपल्याकडे जुलै 2022 मध्ये अतिवृष्टीत कोराडी केंद्राचा खसाळा येथील बंधारा फुटून राखमिश्रित पाणी भोवतालच्या परिसरात पसरले. राखेत आर्सेनिक, पारा, सेलेनियम यांसारखी द्रव्ये अल्प प्रमाणात असतातच. काँक्रीटमध्ये ती बद्ध होऊन राहतात, तलावातून मात्र ती भूजलात उतरू शकतात.

इंग्लंडच्या अल्कली कायद्याने जे काम केले ते आपल्याकडे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 14 सप्टेंबर 1999 च्या अधिसूचनेने सुरू केले. औष्णिक केंद्राच्या 50 किलोमीटर परिघातील वीट व बांधकाम साहित्य उत्पादकांनी राख वापरलीच पाहिजे, असा दंडक तिने घातला. 2003 साली ही हद्द 100 किलोमीटर झाली, आणि 2016 साली 300 किलोमीटर. त्या वर्षीच्या दुरुस्तीने शंभर किलोमीटरपर्यंतच्या वाहतुकीचा खर्च वीज केंद्राने सोसावा आणि त्यापुढील खर्च वीज केंद्र व राख वापरणारा यांनी निम्मा-निम्मा वाटून घ्यावा, असे ठरले; वाहतुकीचा बोजा कोणाच्या शिरावर, हा या धंद्यातील खरा तंटा होता आणि तो रसायनशास्त्राने सुटणारा नव्हता. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने राखेच्या वापराचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य. 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने तर न वापरलेल्या राखेवर टनामागे 1,000 रुपयांची भरपाई आकारण्याची तरतूद केली. परिणाम आकड्यांत दिसतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नोंदींनुसार 1996-97 साली देशात सुमारे 6.9 कोटी टन राख निघाली आणि तिच्यातील दहा टक्केही वापरात आली नाही. 2021-22 साली सुमारे 27 कोटी टन निघाली आणि तिच्यातील जवळजवळ 96 टक्के वापरली गेली.

या राखेचा सामान्य माणसाशी येणारा संबंध त्याच्या लक्षातही येत नाही इतका निकटचा आहे. दुकानातून आणलेल्या पोत्यावर पीपीसी अशी अक्षरे असतील, तर त्या सिमेंटमध्ये 15 ते 35 टक्के राख आहे. पुण्या-मुंबईच्या नव्या इमारतींच्या भिंतींत जे पांढुरके, हलके एएसी ब्लॉक बसविले जातात, त्यांतील बहुतेकांचा मुख्य घटक राखच असतो. चुना, सिमेंट आणि ॲल्युमिनियमची किंचित भुकटी घालून ते मिश्रण फुगविले जाते व दाबाखालील वाफेत पक्के केले जाते. विशाखापट्टणमच्या भानुमतीदास आणि कालिदास या संशोधक दांपत्याने राख, चुना व जिप्सम यांच्यापासून भट्टीशिवाय वीट करण्याची पद्धत प्रचारात आणली. लाल विटेसाठी शेतातली कसदार माती खणावी लागते व भट्टी पेटवावी लागते, या विटेला दोन्ही नको. सिमेंटमधील बचत तर याहूनही मोठी: एक टन क्लिंकर, म्हणजे दळून ज्याचे सिमेंट होते तो खडा, भाजताना सुमारे दीड टन चुनखडी खर्ची पडते आणि टनाच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो, त्यातला निम्म्याहून अधिक भाग इंधनाचा नसून खुद्द चुनखडीच्या विघटनाचा असतो, म्हणून क्लिंकरच्या जागी राख किंवा धातुमळी घालणे हा तो कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. त्यासाठी बांधकामाच्या जागी एक पथ्य मात्र पाळावे लागते: राखेचे काँक्रीट सावकाश बळ धरते, त्यामुळे त्यावर पाणी मारण्याचे दिवस कमी करणारा मुकादम आपल्या हाताने त्याचा गुण घालवितो, आणि मग दोष राखेच्या माथी येतो.

तथापि 96 टक्क्यांच्या आकड्यावर समाधान मानून थांबणे हा आत्मवंचनेचा प्रकार होईल. ‘वापर’ या सदरात सिमेंट येते, विटा येतात. पण सखल जमिनींची भर, बंद खाणींची भर आणि खुद्द राखेच्या तलावांचे बांध उंच करणे हेही त्याच सदरात येते. सिमेंटचा हिस्सा एकंदर राखेच्या साधारण चौथ्या भागाइतका आहे. खाणीची भर निरुपयोगी नव्हे. पण जे द्रव्य काचेच्या सूक्ष्म गोळ्यांच्या रूपाने, निवडून, कोरडे हाती आले होते, ते खड्ड्यात घालणे आणि त्याला उपयोग म्हणून जमेस धरणे यात हिशेबाचा कागद साफ होतो, द्रव्याचे सार्थक होत नाही. वजनाचा हिशेब ठेवणारा कायदा किती टन गेले हे विचारतो. कोणत्या गुणाचे द्रव्य कोणत्या कामी गेले, हे विचारण्याची पाळी आता आली आहे.

याला एक भविष्यकाळाचीही बाजू आहे. ब्रिटनने 30 सप्टेंबर 2024 रोजी आपले शेवटचे कोळशावरील वीज केंद्र बंद केले. कोळसा हटला ही हवेच्या दृष्टीने आनंदाची गोष्ट. परंतु काँक्रीटला लागणारी ताजी राखही त्याबरोबर हटली, आणि अशा देशांत पूर्वी पुरून टाकलेली राख उकरून, वाळवून, चाळून, तिच्यातील न जळलेला कार्बन काढून पुन्हा वापरण्याचे उद्योग पुढे येत आहेत. आपल्याकडेही दूरच्या काळात तेच होणार. ज्या वस्तूला हॉपरखाली बल्कर लावण्याइतकाच खर्च पुरला असता, ती पुढच्या पिढीला खाणीतील खनिजाप्रमाणे उत्खनन करून घ्यावी लागेल. त्या खर्चाचे बीजक फाडणारे हात मात्र आजचे असतील.

यावरून कारखाना काढणाऱ्यांनी, परवाना देणाऱ्यांनी आणि माल घेणाऱ्यांनी एक क्रम उलटा केला पाहिजे. आज कारखान्याचा नकाशा आधी मंजूर होतो आणि उत्सर्गासाठी जागा नंतर शोधली जाते. वास्तविक भट्टीचा आराखडा मांडतानाच तिच्यातून निघणाऱ्या दुसऱ्या द्रव्याचा गिऱ्हाईक कोण, त्याला ते कोणत्या स्थितीत हवे, ते तसे राहावे म्हणून निववणे, निवडणे, कोरडे ठेवणे यांपैकी काय करावे लागेल, आणि त्याची प्रत रोजच्या रोज तपासून दाखला कोण देईल, हे सारे ठरलेले असले पाहिजे. सायलो, चाळण्या, प्रयोगशाळा आणि रेल्वेची बाजूची मार्गिका यांवरील खर्च प्रदूषण-निवारणाच्या खात्यात न टाकता उत्पादनाच्या खात्यात टाकला जावा, कारण तो उत्पादनाचाच खर्च आहे. मालाला प्रत असते, किंमत असते, गिऱ्हाइकाची तक्रार असते. उत्सर्गाला यांतले काहीच नसते, म्हणूनच त्याच्याकडे कोणी पाहत नाही. ज्या दिवशी राखेच्या प्रतीबद्दल सिमेंटवाल्याची तक्रार वीज केंद्राच्या व्यवस्थापकाच्या मेजावर विजेच्या तक्रारीइतक्याच तातडीने हाताळली जाईल, त्या दिवशी केंद्रातून दोन माल निघू लागले असे म्हणता येईल. तोपर्यंत आपण वीज विकतो आणि राख केवळ हलवितो.